मंगळावरची एक जागा, वरून आणि खालून

मंगळाचे फोटो बघायला बसलेला माणूस पहिल्या संध्याकाळी हमखास ऑलिम्पस मॉन्सवर जातो. २२ किलोमीटर उंच, ६०० किलोमीटर रुंद ज्वालामुखी म्हटल्यावर जाणारच. मग ४,००० किलोमीटर लांबीची व्हॅलेस मरिनेरिसची दरी, मग तो दगडातला चेहरा, आणि तासाभरात सगळं बघून झालं असं वाटून लॅपटॉप बंद. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी उलट सांगते: एकच जागा धरा आणि महिनाभर तिथंच राहा. जागा अशी निवडा की तिच्यावरून ऑर्बिटर, म्हणजे ग्रहाभोवती फिरणारं यान, जातो आणि तिच्यावर रोव्हर, म्हणजे चाकांची यंत्रगाडी, चालतो. वरचा फोटो आणि खालचा फोटो एकमेकांना जुळवता आले की मंगळ खऱ्या अर्थाने बघायला सुरुवात झाली.

माझं काम दगडाचं. नवी मुंबईत पूल किंवा टॉवर उभा राहण्याआधी पायाखाली काय आहे हे बघायला बोअर घेतात. त्यातून निघालेले कोअर, म्हणजे दगडाचे गोल दांडके, पेटीत क्रमाने लावून त्यांची नोंद करणं, हे मी नोकरीभर केलं. बेलापूरला राहते, समोर पारसिकचा डोंगर आहे. तो बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या दगडाचा, आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच. त्यामुळे ही पद्धत दगड वाचणाऱ्या बाईची आहे, दुर्बीणवाल्याची नाही.

अशा जागा सध्या दोन आहेत, कारण मंगळावर चालणारे नासाचे रोव्हर दोन आहेत. गेल विवर, १५४ किलोमीटर व्यासाचं, जिथं क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ला उतरलं आणि २०१४पासून मधला माउंट शार्प चढतंय. दुसरं जेझेरो, सुमारे ४५ किलोमीटरचं, जिथं १८ फेब्रुवारी २०२१ला पर्सिव्हिअरन्स उतरलं. मी नवख्यांना जेझेरो देते. तिथं विवरात शिरणारी नदीची वाट आणि तिच्या तोंडाशी साठलेला त्रिभुज प्रदेश वरून इतका स्वच्छ दिसतो की शिकवावं लागत नाही. शिवाय जेझेरोचे अक्षांश-रेखांश साधारण १८.४ उत्तर आणि ७७.६ पूर्व आहेत. हेच आकडे पृथ्वीच्या नकाशावर टाकले तर बोट नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या जवळ येतं. रेखांशाचा शून्य मंगळावर वेगळ्या ठिकाणी धरलाय, त्यामुळे याला शास्त्रीय अर्थ काही नाही, पण आकडे कायमचे लक्षात राहतात.

आता वरून बघू. मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर २००६पासून मंगळाभोवती फिरतोय. त्याचे दोन कॅमेरे आपल्या कामाचे, सीटीएक्स आणि हायराइज. सीटीएक्सच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६ मीटर, आणि पट्टा ३० किलोमीटर रुंद. आधी हा उघडा, म्हणजे आपण गावात कुठं आहोत ते कळतं. हायराइजच्या फोटोत एक पिक्सेल २५ किंवा ५० सेंटिमीटरचा असतो, पण पट्टा जेमतेम ६ किलोमीटर रुंद. आपली रिक्षा तिथं उभी असती तर सीटीएक्समध्ये ती अर्ध्या पिक्सेलात हरवली असती आणि हायराइजमध्ये दहा पिक्सेल लांबीचा ठिपका म्हणून दिसली असती. प्रत्येक नवा फोटो उघडला की हा हिशोब आधी करा. मोजपट्टी न बघता फोटो बघणाऱ्याला दहा मीटरचा खड्डा आणि दहा किलोमीटरचं विवर सारखंच दिसतं, कारण विवरं लहान असोत वा मोठी, आकाराने एकमेकांसारखी असतात.

हायराइजच्या फोटोंना लांबलचक क्रमांक असतात. शेवटचे चार आकडे उपयोगाचे आहेत. १८०० म्हणजे विषुववृत्त, आणि दर १० म्हणजे एक अंश. जेझेरोचे फोटो १९८५च्या आसपास संपतात, म्हणजे १८.५ अंश उत्तर. गेलचे १७५५ला, म्हणजे ४.५ अंश दक्षिण. यादी चाळताना एवढ्यावरून अर्धं काम होतं. पूर्ण फाइल प्रचंड मोठी असते, फोनवर तिच्या मागे लागू नका. अॅरिझोना विद्यापीठाने हायव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलंय. त्यात फाइल हवी तेवढी आत-बाहेर करता येते आणि साधा लॅपटॉपही दमत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ऊन कुठून येतंय. हा ऑर्बिटर अशा कक्षेत आहे की तो खालच्या प्रत्येक जागेवरून तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास जातो. दुपारी तीनला सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो. नकाशासारख्या मांडलेल्या फोटोत उत्तर वर, म्हणजे पश्चिम डावीकडे. म्हणून ऊन डावीकडून. डोंगर असेल तर त्याची डावी बाजू उजळ आणि उजवी काळी. खड्डा असेल तर उलट: डाव्या भिंतीखाली सावली, उजवी भिंत उन्हात. डोळ्याला प्रकाश वरून येण्याची सवय असते, म्हणून खड्डे बघता बघता फुगवटे वाटायला लागतात. असं झालं की डोळे मिटा, मनात डावीकडे सूर्य ठेवा, आणि पुन्हा बघा. नाहीच जमलं तर फोटो फिरवून ऊन वरून येईल असा करा, लगेच खड्डा खड्ड्यात बसतो. ध्रुवांजवळ मात्र हा नियम चालत नाही. तिथल्या फोटोंची मांडणी वेगळी असते, उत्तर वरच असेल असं धरू नका, पानावर दिलेला उत्तरेचा कोन बघा.

सावलीवरून उंचीही निघते. हायराइजच्या प्रत्येक फोटोच्या पानावर सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता ते दिलेलं असतं. सपाट जमिनीवर पडलेली सावली पिक्सेलमध्ये मोजा, मीटरमध्ये आणा आणि त्या कोनाच्या टॅनने गुणा. पिक्सेल २५ सेंटिमीटरचा आणि सावली ४० पिक्सेल, म्हणजे १० मीटर. सूर्य ४५ अंशांवर असेल तर कडा १० मीटरचाच, ३० अंशांवर असेल तर सुमारे ५.८ मीटरचा. दहावीचं त्रिकोणमिती परग्रहावर वापरलं की मुलांचे चेहरे बदलतात, हे मी पाहिलंय.

रंगाचं थोडक्यात: हायराइजचा रंगीत भाग पट्ट्याच्या मधोमध असतो आणि तो आपल्या डोळ्यांचा रंग नसतो. अवरक्त, लाल आणि निळा-हिरवा असे तीन पट्टे घेऊन तो बनवतात. त्यात निळं दिसलं की पाणी म्हणू नका. बहुतेक वेळा ती धूळ नसलेली काळी बेसॉल्टची वाळू असते.

मग खाली उतरा. नासाच्या संकेतस्थळावर दोन्ही रोव्हरचे कच्चे फोटो जसे येतात तसे ठेवले जातात, कोणाचीही परवानगी लागत नाही. कॅमेरा आणि सोल निवडायचा. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा, उतरल्या दिवसापासून मोजलेला. पर्सिव्हिअरन्सच्या फोटोच्या नावातच सगळं असतं: सुरुवातीला कॅमेऱ्याचं अक्षर, नंतर डावा की उजवा, मग चार आकडी सोल. आधी टिकलीएवढे छोटे फोटो येतात आणि मोठे नंतर, कारण सगळा डेटा मंगळाभोवतीच्या ऑर्बिटरांमार्फत टप्प्याटप्प्याने येतो. पर्सिव्हिअरन्सच्या नॅव्हकॅमचा, म्हणजे वाट शोधायच्या कॅमेऱ्याचा, मोठा फोटो तर तुकड्यांनी येतो. एकच खडक अर्धा अर्धा दिसला तर बाकीचे तुकडे शोधा.

कॅमेऱ्यांत नॅव्हकॅमपासून सुरुवात करा. रोव्हरच्या डोक्यावर हे दोन डोळे सुमारे ४२ सेंटिमीटर अंतरावर बसवलेत, आणि डावा-उजवा फोटो शेजारी ठेवून लाल-निळसर चष्म्यातून खोली दिसेल असं चित्र बनवता येतं. असा एक चष्मा घरात ठेवाच. मंगळावर झाड नाही, घर नाही, माणूस नाही. तीन मीटरवरचा दगड आणि तीनशे मीटरवरची टेकडी एका फोटोत ओळखता येत नाहीत. दोन फोटो मिळाले की दगड पुढे येतो आणि टेकडी मागे सरकते. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅमचे, म्हणजे खांबावरच्या रंगीत कॅमेऱ्याचे, दोन डोळे मात्र सारखे नाहीत, डावा ३४ मिलिमीटरचा आणि उजवा १०० मिलिमीटरचा, त्यामुळे चष्म्यासाठी ते सोयीचे नाहीत. हॅझकॅम, म्हणजे अडथळे बघायचा कॅमेरा, खाली पोटाशी असतो आणि त्यात क्षितिज वाकडं दिसतं, पण त्यात चाक दिसतं. क्युरिऑसिटीचं चाक ५० सेंटिमीटरचं, पर्सिव्हिअरन्सचं ५२.५चं. फोटोत चाक किंवा चाकोरी असेल तर मोजपट्टी मिळालीच.

आता जुळवणी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. एखाद्या सोलचे नॅव्हकॅमचे सगळे फोटो गोळा करून क्षितिज ओळीने लावा. क्षितिजावरच्या तीन ठळक खुणा निवडा: टेकडीची खाच, विवराच्या काठावरचा उंचवटा, काळ्या वाळूची पट्टी. दिशा सावल्यांवरून काढा. फोटोसोबत तिथली स्थानिक वेळ दिलेली असते. सकाळी सावल्या पश्चिमेकडे पडतात, दुपारनंतर पूर्वेकडे. मग वरच्या फोटोवर त्याच तीन खुणा शोधा आणि प्रत्येकीतून उलट दिशेने रेघ ओढा. रेघा जिथं भेटतात तिथं रोव्हर. जुने सर्व्हेवाले प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या नकाशाच्या फळीवर, हेच करायचे. नासाच्या संकेतस्थळावर रोव्हरचा रस्ता दाखवणारा नकाशा आहे, पण तो आधी उघडायचा नाही. आपली रेघ पूर्ण झाल्यावर उघडायचा आणि किती मीटरने चुकलो ते मोजायचं.

हे एकदम मंगळावर जमत नाही, म्हणून सराव इथं करा. नेरूळजवळ पाम बीच रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभं राहून चारी बाजूंचे फोटो काढा. पश्चिमेला खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर, पूर्वेला पारसिकची रांग, ईशान्येकडे खारघरचे डोंगर. घरी येऊन उपग्रहाच्या नकाशावर रेघा ओढा आणि तुम्ही उभे होतात ती जागा शोधून काढा. पारसिकला खाणींनी केलेले उभे काप वरून कसे दिसतात आणि समोरून कसे, तेही बघून ठेवा. उभा कडा वरून जवळजवळ काहीच जागा घेत नाही, नुसती एक काळी रेघ असते. जेझेरोच्या त्रिभुज प्रदेशाचा पुढचा कडा वरच्या फोटोत असाच फसवतो, आणि खालून रोव्हरच्या फोटोत तो थरांची उभी भिंत होऊन समोर येतो.

दगड वाचायला लागलात की मजा वाढते. पहिली गोष्ट बघायची ती दगडाची कड. धारदार असेल तर तो फुटून तिथंच पडलाय किंवा उडून आलाय. गोल असेल तर घासला गेलाय. सप्टेंबर २०१२मध्ये क्युरिऑसिटीला गोल खड्यांचा घट्ट झालेला थर दिसला. त्या खड्यांच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी सांगितलं की तिथून वाहणारं पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावं. वारा एवढे मोठे खडे वाहून नेऊ शकत नाही, हे त्यामागचं कारण. खारघरच्या ओढ्यांमध्ये हिवाळ्यात फिरून खडे हातात घेऊन बघा, वरच्या बाजूचे टोकदार आणि खाली येता येता गुळगुळीत. पावसाळ्यात तिथल्या पांडवकडा धबधब्याकडे जाऊ नका, तेव्हा बंदी असते आणि ती योग्य आहे.

दुसरी गोष्ट पांढरं काय दिसतं. आपल्या बेसॉल्टमध्ये लाव्हातले बुडबुडे नंतर झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा खनिजांनी भरतात. खारघरच्या दगडात असे पांढरे ठिपके सापडतील. गेलमध्ये मात्र पांढरं बहुतेक रेघांच्या रूपात दिसतं. २०१३मध्ये यलोनाइफ बे नावाच्या जागी क्युरिऑसिटीने त्या तपासल्या, त्या कॅल्शियम सल्फेटच्या निघाल्या, म्हणजे जिप्समच्या जातीच्या. खडक घट्ट झाला, मग तडकला, आणि मग त्या तडांमधून पाणी फिरलं. एका पांढऱ्या रेघेत एवढा क्रम असतो. पांढरा गोल ठिपका आणि पांढरी रेघ यांतला फरक ओळखलात तर दगडाचा इतिहास अर्धा वाचून झाला.

आणि तिसरी, माझ्या अगदी जवळची: ड्रिलचे फोटो. पर्सिव्हिअरन्स आधी दगडाचा सुमारे पाच सेंटिमीटरचा गोल भाग घासून साफ करतं, त्याचे जवळून फोटो घेतं, मग जवळच कोअर काढतं, १३ मिलिमीटर जाडीचा आणि सुमारे ६ सेंटिमीटर लांबीचा. खडूएवढा. ऑगस्ट २०२१मध्ये पहिला प्रयत्न केला तेव्हा यंत्राने सगळं बरोबर केलं आणि नळी रिकामी निघाली. दगड आतून इतका खिळखिळा होता की त्याचा भुगा झाला. आमच्या कामात याला रिकव्हरी शून्य म्हणतात. पनवेलच्या बाजूला सडलेल्या बेसॉल्टमध्ये हे मी किती वेळा लिहिलंय. त्या दिवसांतले भोकाचे फोटो काढून बघा, भोकाभोवती बारीक भुग्याचा ढीग साठलेला दिसतो. सप्टेंबर २०२१मध्ये दुसऱ्या, टणक दगडातून कोअर नीट आला. त्याचे फोटो शेजारी ठेवा आणि भोकांच्या कडा बघा. टणक दगडाच्या भोकाची कड स्वच्छ असते.

घासलेल्या गोल भागांचे फोटो सगळ्यात जास्त वेळ बघण्यासारखे आहेत. जेझेरोत एके काळी तळं होतं, म्हणून विवराच्या तळाशी गाळाचा खडक मिळेल अशी अनेकांची अपेक्षा होती. घासून बघितलं तर एकमेकांत घट्ट गुंतलेले स्फटिक निघाले, म्हणजे वितळलेल्या खडकातून थंड होऊन बनलेला दगड. वरून ऑर्बिटरला हे नक्की सांगता आलं नव्हतं, खाली पाच सेंटिमीटरचा गोल घासल्यावर कळलं. आणि उलटही होतं. रोव्हर ज्या दगडासमोर उभा असतो तो कुठल्या थराचा, तो थर किती लांब पसरलाय, हे त्याला खालून कधीच दिसत नाही, त्यासाठी वरचाच फोटो लागतो.

जेझेरोत शिरणाऱ्या नेरेट्व्हा व्हॅलिस या कोरड्या नदीपात्रात जुलै २०२४मध्ये एक दगड मिळाला, त्याला चेयावा फॉल्स असं नाव दिलंय. पांढऱ्या रेघांच्या मधोमध तांबूस पट्टा आणि त्यावर काळ्या कडेचे फिकट ठिपके. पृथ्वीवर असे ठिपके कधी कधी सूक्ष्मजीवांमुळे बनतात. सप्टेंबर २०२५मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, त्यात ही जीवनाची संभाव्य खूण म्हटली आहे. जीवनाशिवायही असे ठिपके बनू शकतात का हे अजून तपासायचं आहे. तो फोटो उघडा, पण बातमी बाजूला ठेवून. आधी रेघा मोजा, ठिपके रेघांना कापतात की रेघा ठिपक्यांना, हे स्वतः ठरवायचा प्रयत्न करा. काय आधी आणि काय नंतर, दगड वाचण्यात याहून मोठा प्रश्न नाही.

चेहऱ्याचं एकदा सांगून टाकते, कारण मुलं विचारतातच. २५ जुलै १९७६ला व्हायकिंग १ या यानाने सायडोनिया भागात टेकडीचा फोटो घेतला. ऊन तिरकं होतं, फोटो भरड होता, आणि डेटा न आल्यामुळे उमटलेला एक काळा ठिपका नेमका नाकपुडीच्या जागी बसला. १९९८ आणि २००१मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर या ऑर्बिटरने तीच टेकडी जास्त बारीक टिपली, आणि ती साधी झिजलेली टेकडी निघाली. रोव्हरच्या फोटोत बाई, प्राणी, दरवाजा दिसला की एवढंच करा: त्याच जागेचा दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या डोळ्याने काढलेला फोटो शोधा.

बदल बघायला मिळाले तर सोडू नका. एकाच जागेचे वेगवेगळ्या वर्षांचे हायराइजचे फोटो एकावर एक ठेवले की वाळूच्या टेकड्या सरकलेल्या दिसतात. २४ डिसेंबर २०२१ला अमेझोनिस प्लॅनिशिया या मैदानात उल्का पडली. तिचा धक्का मंगळावर उतरलेल्या इनसाइट या यानाच्या भूकंपमापकाला जाणवला आणि नंतर ऑर्बिटरच्या फोटोंत तिथं १५० मीटरचं नवं विवर सापडलं, बाहेर फेकलेल्या बर्फाच्या ढेकळांसकट. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो मिळतात.

आणि अख्खा गोळा एका नजरेत बघायचा असेल तर आपल्या मंगळयानाकडे या. ५ नोव्हेंबर २०१३ला निघून ते २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाच्या कक्षेत गेलं. कक्षा खूप लांबट होती, दूरचं टोक सुमारे ७७,००० किलोमीटरवर, म्हणून त्याच्या रंगीत कॅमेऱ्याला पूर्ण मंगळ एका फोटोत मावला. जवळ घिरट्या घालणाऱ्या ऑर्बिटरांना ते जमत नाही. इस्रोच्या प्रदान या पोर्टलवर नाव नोंदवून मूळ डेटा मिळतो. धुळीची वादळं, ध्रुवावरचं बर्फ, ज्वालामुखींवरचे ढग यासाठी हे फोटो उत्तम.

सराव झाल्यावर एक काम करा. मंगळावर लोणार नावाचं विवर आहे, आपल्या बुलढाण्याच्या लोणारवरून नाव दिलेलं. लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं देतात, त्यातलंच हे. ते उत्तरेला ७३ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे हायराइजच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे २५३०च्या जवळपास शोधा. आपलं लोणार १.८ किलोमीटर व्यासाचं आणि बेसॉल्टमध्ये खोदलेलं. मंगळावरच्या लोणारचा व्यास मी सांगत नाही, सीटीएक्सचा फोटो घ्या आणि पिक्सेल मोजा. उत्तरेचा कोन तपासा, सूर्य इथं बराच खाली असतो आणि सावल्या लांब पडतात, तेव्हा भिंतीची उंचीही काढा. तळाशी सावलीच्या आतही काही उजळ दिसलं तर तो फोटो कुठल्या ऋतूतला आहे ते आधी बघा.